हंगामादरम्यान व्यावसायिक संघांचे मूल्यमापन

हंगामादरम्यान संघांचे मूल्यमापन म्हणजे साखळी सामने सुरू असतानाच एखाद्या संघाची खरी ताकद किती आहे, याचा उपलब्ध निकाल व आकडेवारीवरून बांधलेला अंदाज होय. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील एनबीए ही व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धा व एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलची स्पर्धा यांत वापरल्या जाणाऱ्या पद्धतींचा विचार केला आहे. येथे 'फुटबॉल' हा शब्द अमेरिकन फुटबॉल या अर्थी वापरला आहे. भारतात ज्याला फुटबॉल म्हणतात तो खेळ वेगळा.

गुणतक्ता संघाने किती सामने जिंकले एवढेच सांगतो. पुढे तो किती जिंकेल याविषयी त्याची साक्ष अपुरी असते. हा फरक केवळ अभ्यासकांच्या कुतूहलाचा नाही. दोन्ही स्पर्धांत खेळाडूंच्या अदलाबदलीची अंतिम मुदत हंगामाच्या मध्येच येते. त्या दिवशी प्रत्येक व्यवस्थापनाला भविष्यातील ड्राफ्ट निवडी देऊन आजचा संघ बळकट करायचा, की अनुभवी खेळाडू देऊन उद्याची तयारी करायची, हे ठरवावे लागते.

गुणफरक

सर्वांत साधे व बऱ्यापैकी विश्वासार्ह मोजमाप म्हणजे गुणफरक, अर्थात मिळवलेल्या व दिलेल्या गुणांतील अंतर. क्रिकेटमधील नेट रनरेटशी त्याचे नाते आहे; मात्र नेट रनरेट मुख्यतः बरोबरी सोडवण्यासाठी वापरला जातो, तर येथे गुणफरक संघाच्या ताकदीचा निर्देशक मानला जातो. याचे कारण असे की एक-दोन गुणांनी लागणाऱ्या निकालात योगायोगाचा वाटा मोठा असतो. मोठ्या फरकाने वारंवार जिंकणे मात्र योगायोगाने साधत नाही.

बेसबॉलचे अभ्यासक बिल जेम्स यांनी गुणफरकावरून अपेक्षित विजय काढण्याचे सूत्र मांडले. त्याचे रूप पायथागोरसच्या प्रमेयासारखे दिसत असल्याने त्याला 'पायथागोरसीय अपेक्षा' म्हणतात. मिळवलेल्या गुणांचा ठरावीक घात काढायचा आणि त्याला मिळवलेल्या व दिलेल्या गुणांच्या त्याच घातांच्या बेरजेने भागायचे. येणारे उत्तर म्हणजे विजयांचे अपेक्षित प्रमाण. जेम्स यांच्या मूळ सूत्रात घातांक २ होता. डॅरिल मोरी यांनी बास्केटबॉलसाठी १३.९१ हा घातांक सुचवला. अमेरिकन फुटबॉलसाठी २.३७ हा घातांक प्रचलित आहे. या तफावतीचे मूळ खेळांच्या रचनेत आहे. एनबीएच्या सामन्यात प्रत्येक संघाला चेंडूचा ताबा सुमारे शंभर वेळा मिळतो, त्यामुळे थोडीशी सरस बाजूही बहुधा जिंकते. फुटबॉलमध्ये अशा संधी दहा-बारा असतात आणि एक निसटलेला चेंडू संपूर्ण सामना फिरवू शकतो.

इ.स. २०२२ : मिनेसोटा व डेट्रॉइट

१ नोव्हेंबर २०२२ रोजी, अदलाबदलीच्या अंतिम दिवशी, मिनेसोटा व्हायकिंग्ज संघाने डेट्रॉइट लायन्सकडून टी. जे. हॉकेन्सन हा खेळाडू ड्राफ्ट निवडींच्या बदल्यात घेतला. त्या वेळी व्हायकिंग्जचे ६ विजय व १ पराभव होता. लायन्सचा १ विजय व ६ पराभव. एक संघ विजेतेपदाच्या तयारीत होता व दुसरा हंगाम सोडून देत होता, असेच तक्ता पाहणाऱ्याला वाटले असते.

तपशील निराळा होता. लायन्सच्या सहा पराभवांपैकी चार केवळ तीन किंवा चार गुणांचे होते. (उरलेल्या दोघांत मात्र ते सपाटून हरले होते, हेही नमूद केले पाहिजे.) उलट व्हायकिंग्ज अटीतटीचे सामने एकामागून एक जिंकत होते. २० नोव्हेंबरला डॅलस काउबॉइजने त्यांना ४०–३ असे हरवले, तेव्हा ८ विजय व २ पराभव असूनही त्यांचा एकूण गुणफरक ऋण झाला.

साखळी संपली तेव्हा व्हायकिंग्जने १३ सामने जिंकले होते व ४ गमावले होते; पण त्यांनी ४२४ गुण मिळवून ४२७ दिले होते. आठ किंवा कमी गुणांच्या फरकाने संपलेले अकराच्या अकरा सामने त्यांनी जिंकले होते. लायन्सने उरलेल्या दहापैकी आठ सामने जिंकून ९ विजय व ८ पराभव अशी मजल मारली. त्यांचे गुण ४५३ व दिलेले ४२७. वरील सूत्राने व्हायकिंग्जचे अपेक्षित विजय सुमारे ८.४ येतात, तर लायन्सचे सुमारे ९.१. बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात व्हायकिंग्ज घरच्या मैदानावर न्यू यॉर्क जायंट्सकडून ३१–२४ असे हरले. २०२३च्या हंगामात त्यांना ७ विजय मिळाले, लायन्सला १२. हॉकेन्सनचा व्यवहार त्यामुळे चुकीचा ठरत नाही. व्यवहाराच्या दिवशी दोन्ही संघांतील अंतर तक्त्यात दिसत होते तितके नव्हते, एवढेच यातून दिसते.

बास्केटबॉलमधील बारकावे

एनबीएत साखळीचे ८२ सामने असल्याने योगायोग बराच विरून जातो. तरी पहिल्या महिन्यातील निष्कर्ष फसवे ठरतात. २०१०–११मध्ये लेब्रॉन जेम्स आल्यानंतर मायामी हीटची सुरुवात ९ विजय व ८ पराभव अशी झाली आणि संघावर टीकेची झोड उठली. त्यानंतर त्यांनी सलग १२ सामने जिंकले आणि अंतिम फेरी गाठली.

संथ व वेगवान संघांची तुलना करताना प्रतिसामना गुण दिशाभूल करतात. म्हणून गुण प्रति १०० ताबे असे मोजले जातात. ताब्यांचा अंदाज काढताना फ्री थ्रोंची संख्या ०.४४ने गुणतात, कारण प्रत्येक फ्री थ्रोने ताबा संपत नाही. डीन ऑलिव्हर यांनी संघाची कामगिरी चार घटकांत विभागली : नेमबाजीची अचूकता, चेंडू गमावण्याचे प्रमाण, आक्रमणातील रिबाउंड आणि फ्री थ्रो. त्यांपैकी अचूकतेला त्यांनी सर्वाधिक महत्त्व दिले.

प्रतिस्पर्ध्यांचा दर्जा

एनबीएत प्रत्येक संघ इतर सर्व संघांशी किमान दोनदा खेळतो. एनएफएलमध्ये ३२ संघ व १७ सामने असतात. एका संघाची गाठ केवळ १४ प्रतिस्पर्ध्यांशी पडते. त्यामुळे समान विजय असलेल्या दोन संघांनी अगदी असमान वाट चाललेली असू शकते. बुद्धिबळासाठी अर्पाद एलो यांनी तयार केलेली मानांकन पद्धत याच कारणाने संघांनाही लावली जाते : बलाढ्य संघाला हरवल्यास मानांकन अधिक वाढते, दुबळ्याला हरवल्यास थोडेच. ॲरन शॅट्झ यांची डीव्हीओए पद्धत आणखी खोलात जाऊन प्रत्येक चालीची तुलना तशाच परिस्थितीतील सरासरीशी करते व प्रतिस्पर्ध्यानुसार फेरफार करते.

मर्यादा

२०१५–१६मध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्सने ७३ विजयांचा विक्रम केला. सॅन अँटोनियो स्पर्सचे विजय ६७ होते. दोघांचा गुणफरक प्रतिसामना साडेदहाच्या थोडा वर, जवळजवळ सारखाच होता, आणि पायथागोरसीय सूत्र तर स्पर्सलाच किंचित वरचे स्थान देत होते. प्रत्यक्षात स्पर्स दुसऱ्याच फेरीत ओक्लाहोमा सिटी थंडरकडून बाद झाले. त्याच थंडरला वॉरियर्सने १–३ अशा पिछाडीवरून हरवले आणि मग अंतिम फेरीत ३–१ अशी आघाडी गमावली.

दुखापती कोणत्याही सूत्रात नीट बसत नाहीत. हंगामभराची आकडेवारी ज्या खेळाडूंनी घडवली तेच पुढे मैदानात नसतील, तर ती आकडेवारी दुसऱ्याच संघाची ठरते. फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकच्या बाबतीत हे विशेष तीव्रतेने जाणवते. डिसेंबर २०१७मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सचा कार्सन वेंट्झ जायबंदी झाला, तेव्हा त्या संघाच्या आशा संपल्या असे अनेकांनी मानले. बदली खेळाडू निक फोल्सच्या नेतृत्वाखाली ईगल्सने सुपर बोलमध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सला ४१–३३ असे हरवले.