प्रगतिपुस्तकातील शेरे

प्रगतिपुस्तकाच्या अखेरच्या रकान्यात आम्ही शिक्षक इंग्रजीत जो एकशब्दी शेरा लिहितो, तो घरी पोचल्यावर त्याचे काय होते, याचा विचार क्वचितच होतो. हुबळीच्या दाजीबानपेठेत तर त्यास मराठी व कानडी असे दोन उंबरठे ओलांडावे लागतात. ‘पुअर’ हा शेरा कामाविषयी असतो. परंतु त्याचे ‘गरीब’ झाले की तो मुलाच्या स्वभावाची स्तुती तरी ठरतो, नाहीतर बापाच्या परिस्थितीवर बोट ठेवतो. ‘फेअर’ म्हणजे जेमतेम बरे. वाचणारा मात्र संतोष पावतो! ‘केपेबल’ या शब्दाने अंगची कुवत सांगितली जाते, ‘परफॉर्मन्स’ने प्रत्यक्ष करून दाखविलेले काम. कुवत आहे पण काम दिसत नाही, ही आमची नित्याची तक्रार या भेदावाचून मांडता येत नाही.

उणिवेच्या बाबतीत मात्र मराठीच सरस, असे आमचे मत आहे. ‘वीक’ म्हणजे दुर्बल; आपण म्हणतो, ‘गणितात कच्चा’. मोल्सवर्थच्या कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीतही कच्चा म्हणजे न पिकलेला, न शिजलेला. पुढे पिकणे त्यात गृहीतच आहे. उलट ‘ढ’ पाहा. ब्राह्मी लिपीपासून या अक्षराचे वळण बदलले नाही, म्हणून न सुधारणारा तो ‘ढ’, अशी एक उपपत्ती सांगतात. कानडीतील ‘दड्ड’ही तसाच चिकटतो. शेरा इंग्रजीतच लिहावयाचा असेल, तर ‘वीक’पुढे विषयाचा नेमका भाग तरी नोंदवावा, अपूर्णांकांत कच्चा असलेला मुलगा भूमितीत पक्का असू शकतो.