पिकअप घेताना आधी माल तोला, मग गाडी बघा

बोलेरो की योद्धा? शेतकऱ्यांनी लक्षात घ्यायच्या काही गोष्टी

कापूस, मका विकून चार पैसे हाती आले की जिल्ह्यातील बऱ्याच शेतकऱ्यांच्या मनात पिकअपचा विचार घोळू लागतो. मग पैठण, फुलंब्री, गंगापूरकडची मंडळी क्रांती चौकात उतरतात आणि जालना रोडवरची वाहनांची दालने पालथी घालतात. मोर्चासाठी जमायची जागा म्हणून हा चौक सर्वांना ठाऊक आहे. गाडी घ्यायला येणाऱ्यांची पहिली खूणही तोच. चौकशी बहुधा दोनच गाड्यांची असते. एक महिंद्राची बोलेरो पिकअप, दुसरी टाटाची योद्धा. "यातली चांगली कोणती?" असे जो तो विचारतो. पण त्याआधीचा प्रश्न राहूनच जातो. आपल्याला न्यायचे काय, किती आणि कुठे?

२००५ मध्ये टाटाचा 'छोटा हत्ती' आला आणि लहान शेतकऱ्यालाही स्वतःचे मालवाहन परवडू लागले. पण त्याची वाहण्याची ताकद पाऊण टनाची. कांदा, आले, मोसंबी असा जड माल असलेल्यांना त्याहून मोठी गाडी हवी होती. ती गरज बोलेरो पिकअपने भागवली, म्हणूनच आज गावोगावी ती दिसते. योद्धा जानेवारी २०१७ मध्ये बाजारात आली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये तिचे दोन टन पासिंगचे मॉडेल निघाले. महिंद्रानेही 'मॅक्स पिकअप' या नावाने दोन टनांपर्यंतची मॉडेल्स आणली आहेत. म्हणजे वजनाच्या बाबतीत दोघेही आता तुल्यबळ आहेत. फरक आहे तो बाकीच्या गोष्टींत.

माल जड की फुगीर?

कांद्याची गोणी ५० किलोची धरली तर १.३ टनाच्या गाडीत २६ गोण्या बसतात, १.७ टनात ३४ आणि दोन टनात ४०. जाधववाडीच्या मार्केटला जाऊन-येऊन ६० किलोमीटर पडत असतील आणि माल ४० गोण्या असेल, तर लहान गाडीला दोन खेपा कराव्या लागतात. आता डिझेलचा हिशेब बघा. एक गाडी लिटरला १२ किलोमीटर देते आणि दुसरी १४ देते असे धरले, तर एका खेपेमागे पाऊण लिटरचाही फरक पडत नाही. पण जादा खेप पडली की चार-पाच लिटर डिझेल जाते, शिवाय हमाली आणि अर्धा दिवस. ॲव्हरेजवरून तासभर घासाघीस करणारा शेतकरी खेपांचा हिशेब मात्र करीत नाही.

कापूस, कडबा, कोबी यांची गोष्ट वेगळी. इथे वजन भरण्याआधी हौदा भरतो. अशा मालाला दोन टनांचे पासिंग घेऊन उपयोग नाही. हौद्याची लांबी मोजून घ्यावी. क्रेट नेणाऱ्यांनी तर एक क्रेट बरोबर नेऊन हौद्यात किती ओळी बसतात ते प्रत्यक्षच पाहावे.

इंजिन आणि चढ

बोलेरो पिकअपचे नेहमीचे इंजिन २,५२३ सीसीचे, साधारण ७५ अश्वशक्तीचे आहे. योद्धाचे इंजिन २.२ लिटरचे, १०० अश्वशक्तीचे. ओढ म्हणजे टॉर्क बोलेरोची सुमारे २०० न्यूटन मीटर, योद्धाची २५०. सपाट रस्त्यावर हा फरक फारसा जाणवत नाही. पण भरलेली गाडी घेऊन कन्नडचा औट्रम घाट चढायचा झाला, की जादा ओढ कामी येते. ज्यांचे भाडे खानदेशाकडे असते, त्यांनी हा मुद्दा नजरेआड करू नये.

दुसऱ्या बाजूला, बोलेरो दुरुस्त करणारा मिस्त्री तालुक्याच्या गावी सहज सापडतो. जुनी गाडी विकायची झाली तरी गिऱ्हाईक लवकर मिळते. योद्धा घेणाऱ्याने आपल्या तालुक्यात तिचे सर्व्हिस सेंटर आणि पार्ट कुठे मिळतात, याची खात्री आधी करून घ्यावी. भाजीचा हंगाम चालू असताना गाडी चार दिवस गॅरेजला बसली, तर स्वस्तात घेतलेली गाडीही महागात पडते.

तीन हजार किलोची रेघ

ही गोष्ट विक्रेता आपण होऊन क्वचितच सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ प्रमाणे भरलेल्या गाडीचे एकूण वजन, म्हणजे गाडी अधिक माल, ३,००० किलोपर्यंत असेल तर मालवाहतुकीचे परमिट लागत नाही. १.३ टनाच्या आसपासची बहुतेक मॉडेल्स या रेघेच्या आत असतात. १.७ व दोन टनांची मॉडेल्स रेघेच्या पलीकडची, त्यांना परमिट काढावेच लागते. माल घरचा असला तरी सुटका नाही. परमिटविना अपघात झाला तर विमा कंपनी भरपाईची रक्कम मालकाकडून वसूल करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून दालनात पासिंगबरोबर 'एकूण वजन किती?' हेही विचारा आणि आरसीवर तो आकडा वाचा.

पाटे वाढवून लहान गाडीत मोठा माल भरण्याची युक्ती गावोगावी चालते. पाटे वाढले म्हणून ब्रेक वाढत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला कायद्यात २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे. एका खेपेत वाचवलेले भाडे असे एका नाक्यावर जाते.

लायसन्सबाबत मात्र दिलासा आहे. ६ नोव्हेंबर २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे हलक्या वाहनाचे लायसन्स असणाऱ्याला ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहन चालवता येते. दोन्ही गाड्या त्यात बसतात.

वऱ्हाड आणि मजूर

सरपंच, पोलिस पाटील यांनी ही बाब ग्रामसभेत जरूर मांडावी. लग्नसराईत वऱ्हाड आणि हंगामात मजूर पिकअपच्या हौद्यात उभे राहून जातात. मालवाहू गाडीत असे बसलेल्या माणसांची भरपाई देण्याची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००२ चा निकाल आहे. मालाबरोबर जाणारा मालाचा धनी किंवा त्याचा माणूस यांना संरक्षण आहे, इतरांना नाही. फाळका निखळून एखादा जीव गेला, तर त्या घराचे नुकसान भरून येत नाही, आणि भरपाईपायी गाडीमालकाची जमीनही जाऊ शकते.

मग घ्यावी कोणती?

घरचा माल, जवळचा बाजार, वर्षातून चार-सहा महिनेच काम आणि पाच-सात वर्षांनी विकायचा विचार असेल, तर १.३ टनाची बोलेरो बरी. परमिटाची कटकट नाही, मिस्त्री जवळ आणि विकताना अडचण नाही. बारमाही भाडे मारायचे असेल, माल जड असेल, वाटेत घाट असेल आणि सर्व्हिस सेंटर आवाक्यात असेल, तर योद्धाचा विचार जरूर करावा. परमिटाचा आणि विम्याचा खर्च मात्र आधी धरावा.

सौद्याला बसताना आणखी एक ध्यानात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहनांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. तेव्हा जुन्या कोटेशनवर भाव ठरवू नका. दोन्ही दालनांतून विमा, पासिंग व टॅक्ससह रस्त्यावर येईपर्यंतची किंमत लेखी घ्या. चाचणीला रिकामी गाडी फिरवून काही कळत नाही. माल भरून चालवायला मागा. गेल्या हंगामातल्या वजनकाट्याच्या पावत्या घरात पडल्या असतील, त्या खिशात घालूनच क्रांती चौकाची वाट धरा. आपल्याला किती टनांची गाडी लागते, ते त्या पावत्यांवरच लिहिलेले आहे.