पाच आकडे, एकच रुग्ण

‘सिस्टर आल्या, बीपी बघितलं, कागदावर काहीतरी लिहिलं आणि गेल्या.’ रुग्णाजवळ रात्र काढलेले नातेवाईक सकाळी असं सांगतात तेव्हा त्यात थोडी तक्रारही असते. पण त्या दोन-तीन मिनिटांत सिस्टरनी काय पाहिलं आणि त्याचा अर्थ काय लावला, यावर रुग्णाची पुढची रात्र अवलंबून असते. डॉक्टरांची फेरी ठरलेल्या वेळी होते. उरलेला वेळ रुग्णावर लक्ष असतं ते परिचारिकेचं.

या कामामागे ‘मेडिकल-सर्जिकल नर्सिंग’ नावाचा मोठा विषय आहे. बी.एस्सी. नर्सिंगच्या नव्या अभ्यासक्रमात त्याला ‘अ‍ॅडल्ट हेल्थ नर्सिंग’ म्हणतात. तो शिकवला जातो शरीरातील संस्थांनुसार: श्वसनसंस्था, रक्ताभिसरण, पचनसंस्था, मूत्रसंस्था, मज्जासंस्था. पुस्तकात प्रत्येकीचं वेगळं प्रकरण असतं. खाटेवरच्या माणसात मात्र ही सगळी प्रकरणं एकाच वेळी उघडलेली असतात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. आतड्याची शस्त्रक्रिया होऊन तीन दिवस झालेला ६० किलो वजनाचा रुग्ण. रात्री दोन वाजताच्या नोंदी अशा: श्वास मिनिटाला २४, नाडी ११२, वरचा रक्तदाब १०८, ताप १००.८ फॅरनहाइट, ऑक्सिजनची पातळी ९४ टक्के. रुग्ण जागा आहे, नीट बोलतो आहे. यातला एकेक आकडा सुटा पाहिला तर घाबरण्यासारखं काही वाटत नाही. ताप थोडा आहे, नाडी दुखण्यामुळे वाढली असेल, रक्तदाब तर चांगलाच आहे, असं कुणीही म्हणेल.

नेमकी हीच फसगत टाळण्यासाठी लंडनच्या ‘रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स’ने २०१२ मध्ये गुण देण्याची एक पद्धत आणली आणि २०१७ मध्ये ती सुधारली. ‘नॅशनल अर्ली वॉर्निंग स्कोअर’ म्हणजे ‘न्यूज’ हे तिचं नाव. नोंद नेहमीच्या मर्यादेत असेल तर शून्य, आणि जितकी दूर जाईल तितके एक, दोन किंवा तीन गुण. आपल्या रुग्णाला श्वासाचे २, नाडीचे २, रक्तदाबाचा १, तापाचा १ आणि ऑक्सिजनचा १ असे गुण मिळतात. बेरीज होते ७. या पद्धतीनुसार ५ गुण म्हणजे डॉक्टरांना तातडीने कळवायचं आणि ७ म्हणजे आणीबाणी. ‘ठीक’ वाटणाऱ्या पाच आकड्यांची बेरीज धोक्याची निघाली. (ही मोजणी १६ वर्षांखालील मुलं आणि गर्भवती स्त्रिया यांच्यासाठी नाही.)

असं का होतं? समजा, आतड्याच्या टाक्यातून गळती होऊन पोटात जंतुसंसर्ग सुरू झाला आहे. रक्तवाहिन्या सैल पडतात आणि अवयवांना रक्त कमी पोचू लागतं. कमतरता भरून काढायला हृदय जोरात धावतं, म्हणून नाडी वाढते आणि रक्तदाब काही काळ टिकून राहतो. ऑक्सिजन अपुरा पडलेल्या पेशींमध्ये आम्ल साठतं. ते कमी करण्यासाठी शरीर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकू लागतं, म्हणून श्वास वाढतो. मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटला की लघवी कमी होते. म्हणजे बिघाड पोटात आणि खबर मिळते छातीतून, मनगटातून आणि लघवीच्या पिशवीतून. रक्तदाब कोसळतो तो बऱ्याचदा उशिरा.

या सगळ्यात सर्वात दुर्लक्षित आकडा श्वासाचा. नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन यंत्र दाखवतं. साध्या वॉर्डात श्वास मात्र डोळ्यांनी मोजावा लागतो, तोही पूर्ण एक मिनिट. घाईत तो अंदाजाने ‘१८’ किंवा ‘२०’ लिहिला जाण्याचा धोका असतो. आपला श्वास मोजला जातो आहे हे कळलं की माणसाची लय बदलते. म्हणून अनुभवी सिस्टर नाडीवर बोटं ठेवूनच छातीकडे पाहत राहतात. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर ९७ दिसतं आहे म्हणून श्वास ठीक आहे असं नाही. जोरजोरात श्वास घेऊन शरीर तो आकडा टिकवत असू शकतं.

एवढं लक्ष द्यायला वेळ आणि माणसं लागतात. लिंडा एकन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. एका परिचारिकेकडे एक रुग्ण वाढला की ३० दिवसांत मृत्यूची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. २०१४ मध्ये युरोपातील ९ देशांच्या अभ्यासातही तोच आकडा आला. आपल्याकडच्या गर्दीच्या वॉर्डात रात्रपाळीला किती सिस्टर असतात, हे तिथे राहिलेल्यांना ठाऊक आहे. ‘सिस्टर लक्ष देत नाहीत’ म्हणण्याआधी एका सिस्टरकडे किती खाटा आहेत, हेही विचारायला हवं.

नातेवाईक मात्र एक काम नक्की करू शकतात. लघवीची पिशवी परस्पर रिकामी करू नये. ६० किलोच्या माणसाला तासाला किमान साधारण ३० मिलिलिटर लघवी अपेक्षित असते आणि ती मोजली जात असते. चहा, शहाळ्याचं पाणी देण्याआधी विचारावं, दिल्यावर सांगावं. ऑक्सिजनची गती स्वतः बदलू नये. शस्त्रक्रियेनंतर एकच पोटरी सुजली, दुखू लागली तर लगेच सांगावं. तिथे रक्ताची गुठळी असू शकते. आणि नीट बोलणारा माणूस अचानक असंबद्ध बोलू लागला, तर ‘वयामुळे’ किंवा ‘झोप नाही म्हणून’ असं समजून गप्प बसू नये. नव्याने आलेल्या गोंधळाला ‘न्यूज’मध्ये एकट्यालाच ३ गुण आहेत.

माणूस नेहमी कसा बोलतो, कसा श्वास घेतो, हे घरच्यांना सर्वात चांगलं माहीत असतं. ‘सिस्टर, हे आज वेगळेच वाटतायत,’ एवढं वाक्यही पुरेसं आहे. त्याचा अर्थ लावणं हे सिस्टरचं शिक्षण आहे. ते त्यांच्यापर्यंत वेळेत पोचवणं आपल्या हातात आहे.