डी.एड.चा कागद आणि साता समुद्रापलीकडची शाळा

गेल्या काही वर्षांत अमरावती-अकोल्याकडच्या आपल्या वस्त्यांमधून एक नवाच प्रश्न आमच्याकडे येऊ लागला आहे. पूर्वी लोक यायचे ते जातीच्या दाखल्यासाठी, शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी, फार तर रेल्वे भरतीचा फॉर्म भरून घेण्यासाठी. आता एखादी माउली येते आणि विचारते, "भाऊ, पोरीचं डी.एड. झालं हाय, जावई लंडनले हाय. तिले तिथी मास्तरीन होता येईन का?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या घरांमध्ये डी.एड.ला एके काळी केवढे मोल होते हे वाचकांना सांगायला नको. बारावी झाली की मुलीला डी.एड.ला घालायचे, दोन वर्षांत ती जिल्हा परिषदेत लागली की घर वर आले, असा हिशेब होता. मोलमजुरी करून, हातउसने घेऊन आईबापांनी खासगी विद्यालयांच्या फिया भरल्या. पुढे भरती थांबली. १५ डिसेंबर २०१३ रोजी राज्यात पहिली शिक्षक पात्रता परीक्षा झाली, मग अभियोग्यता चाचणी आली, पवित्र पोर्टल आले, आणि हजारो मुली पोर्टलच्या याद्या बघत तिशीला पोचल्या. शिक्षणसेवकाचे सहा हजारांचे मानधन सोळा हजार व्हायला २०२३ साल उजाडावे लागले. त्याच काळात आपली काही मुले शिष्यवृत्तीवर इंजिनिअर होऊन पुण्या-हैदराबादच्या कंपन्यांत लागली आणि कंपनीने त्यांना परदेशी धाडले. त्यांच्यामागे डी.एड. झालेली बायकोही गेली. नवरा सकाळी कामावर जातो आणि ही चार भिंतींत बसते. जिने चौथीचा वर्ग सांभाळला, तिला हे सोसत नाही. शिवाय स्वतःच्या कमाईचा पैसा हातात असणे आणि नसणे यात किती फरक असतो, हे आपल्या घरातल्या बायांना कोणी शिकवण्याची गरज नाही.

तेव्हा आम्ही कागद गोळा केले, तिकडे असलेल्या मुला-मुलींशी बोललो, आणि जे समजले ते येथे मांडत आहोत.

मुळातली अडचण अशी की आपले डी.एड., ज्याला आता डी.एल.एड. म्हणतात, ते बारावीनंतरचे दोन वर्षांचे आहे. इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया या देशांत प्राथमिक शिक्षकालाही पदवी लागते आणि शिक्षणशास्त्राचे प्रशिक्षणही पदवीच्या दर्जाचे लागते. पदविकेला ते पदवी मानत नाहीत. आता गंमत पाहा. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये निकाल दिला की पहिली ते पाचवीला शिकवायला बी.एड. चालणार नाही, त्यासाठी डी.एड.च पाहिजे. म्हणजे अकोल्यात ज्या कागदामुळे बी.एड.वालीला मागे सारून डी.एड.वालीचा नंबर लागतो, तोच कागद विमानातून उतरल्याबरोबर निम्म्या किमतीचा होतो. ज्या मुलीने डी.एड.नंतर बाहेरून बी.ए. किंवा बी.एस्सी. केले आणि पुढे बी.एड.ही केले, तिची गोष्ट वेगळी. म्हणून ज्यांचे लग्न व्हायचे आहे, त्या मुलींनी पदवी अर्धवट सोडू नये. स्थळ परदेशातले आले म्हणून तर मुळीच सोडू नये.

इंग्लंडचे जरा विस्ताराने सांगतो, कारण विचारणा त्याचीच जास्त होते. तेथील सरकारी शाळेत कायम शिक्षक व्हायला 'क्यूटीएस' नावाचा दर्जा लागतो. २०२३ पासून भारतासह नऊ देशांतील शिक्षकांना त्यासाठी थेट अर्ज करण्याची सोय झाली. ही बातमी आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर अर्धीच फिरली. उरलेली अर्धी अशी, की भारतीय शिक्षकासाठी ही वाट ११ ते १६ वर्षांच्या मुलांना गणित, विज्ञान किंवा भाषा शिकवण्याची पात्रता असणाऱ्यालाच खुली आहे. पहिली ते चौथीच्या बाईंना या दारातून प्रवेश नाही. मात्र बी.एस्सी., बी.एड. असलेल्या आणि पात्र झाल्यावर किमान एक शैक्षणिक वर्ष शिकवलेल्या भगिनीने हा अर्ज जरूर करावा. त्याला सरकार फी घेत नाही. आणि एकदा क्यूटीएस मिळाले की कायद्याने तो दर्जा लहान वर्गांनाही चालतो. प्राथमिक शाळेत जायचे असले तरी माध्यमिकच्या दारातून जावे लागावे, हा उलटा न्याय आहे खरा, पण वाट आहे. स्कॉटलंडची नोंदणी याहून निराळी, वेल्सची निराळी. नवऱ्याची बदली ग्लासगोला झाली असेल तर लंडनवालीचा सल्ला उपयोगाचा नाही.

आणखी एक तरतूद फारशी कोणाला माहीत नाही. स्वतःच्या देशात शिक्षक म्हणून पात्र असलेल्या व्यक्तीला इंग्लंडच्या सरकारी शाळेत क्यूटीएस नसताना चार वर्षांपर्यंत शिकवता येते. पगार कमी मिळतो आणि घ्यायचे की नाही हे मुख्याध्यापकांच्या मर्जीवर असते. पण पदवी असेल आणि दोन शाळांत शिकवल्याचा अनुभव जमला, तर नव्याने प्रशिक्षण न घेता केवळ पारख करून क्यूटीएस देण्याचीही पद्धत तेथे आहे. ही पारख बारा आठवड्यांच्या आत उरकते. ते नाही जमले तर वर्षभराचा पीजीसीई अभ्यासक्रम. प्राथमिकच्या पीजीसीईला त्यांच्या दहावीच्या बरोबरीचे इंग्रजी, गणित आणि विज्ञान, तिन्ही लागतात. मराठी माध्यमातून दहावी झालेल्या मुलीचे इंग्रजी प्रत्येक विद्यापीठ धरेलच असे नाही, वेगळी समतुल्यता परीक्षा द्यावी लागू शकते. हे आधी विचारून घ्यावे.

बडनेऱ्याकडची एक सून आमच्या चांगल्या परिचयाची आहे. बी.ए., डी.एड., येथे एका विनाअनुदानित शाळेत पाच वर्षे नाममात्र पगारावर राबलेली. इंग्लंडला गेल्यावर सहा महिने अर्ज करीत राहिली, उत्तर कुठूनच येईना. शेवटी घराजवळच्या शाळेत दुपारच्या जेवणाच्या सुटीत मुलांवर देखरेख करण्याचे काम मिळाले, दिवसाला दीड तास. सासरच्यांना कमीपणा वाटला, "मास्तरीन होती, आता पोरायचे डबे सांभायते." तिने मनावर घेतले नाही. त्याच शाळेत नव्याने आलेली दोन भारतीय मुले रडत बसायची. ही त्यांच्याशी हिंदीत बोलली, त्यांना वर्गात नेऊन बसवले. वर्षाच्या आत मुख्याध्यापिकेने तिला वर्ग-साहाय्यक म्हणून घेतले. साहाय्यकाच्या कामाला देशभर ठरलेली अशी एकच पदवी लागत नाही, शाळा आपापले ठरवते. आता ती तेथून पीजीसीईची तयारी करीत आहे. आमच्या मते हाच रस्ता सर्वांत सरळ आहे. आधी शाळेच्या फाटकाच्या आत पाय ठेवायचा, मग वर चढायचे. डबे सांभाळण्यात कमीपणा कसला?

तिने आम्हाला तिकडच्या वर्गाबद्दल जे सांगितले तेही ऐकण्यासारखे आहे. पाच ते सात वर्षांच्या मुलांच्या वर्गात एका शिक्षकामागे तीसपेक्षा जास्त मुले बसवता येत नाहीत, तसा कायदाच आहे. वाचन शिकवतात ते अक्षरांच्या नावांवरून नव्हे, ध्वनींवरून, आणि पहिल्या इयत्तेतील मुलांची त्यावर २०१२ पासून देशभर तपासणी होते. आपल्या बाईंना हे अवघड जाऊ नये. मराठीत 'क' हे अक्षर आणि 'क' हा आवाज वेगळा नसतोच, आपण ध्वनीनेच शिकवत आलो. अवघड जाते ते दुसरेच. मुलाच्या अंगाला हात लावायचा नाही, फोटो काढायचा नाही, एखादे मूल घरातले काही दुखणे कानात सांगू लागले तर ते पोटात न ठेवता शाळेतील ठरलेल्या व्यक्तीला लगेच कळवायचे. शारीरिक शिक्षेला आपल्याकडेही २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे, पण छडी अजून कोणकोणत्या कपाटामागे उभी असते ते आपण सारे जाणतो.

ऑस्ट्रेलियाची अट इंग्रजीच्या बाबतीत फार कडक. शिक्षकाच्या व्हिसासाठी पात्रता तपासून घ्यायची तर आयईएलटीएस परीक्षेत वाचन-लेखनाला ७ आणि ऐकणे-बोलण्याला ८ गुण मागतात. शिवाय एकूण चार वर्षांचे उच्चशिक्षण आणि त्यात ४५ दिवस देखरेखीखालचा पाठसराव. सेवापूर्व प्रशिक्षणातील सराव पाठांच्या वह्या आणि शाळेचे पत्र ज्यांनी जपून ठेवले त्यांचे काम सोपे होते. कॅनडात प्रत्येक प्रांताचा कारभार स्वतंत्र. ओंटारिओत शिक्षक महाविद्यालय नावाची नोंदणी संस्था आहे, तिला पदवी आणि शिक्षक-प्रशिक्षण दोन्ही लागतात आणि कागद विद्यापीठाकडून थेट हवे असतात. तेथेच बालवाडी शिक्षिकांची नोंदणी वेगळी आहे. डी.एड.वाल्या मुलीला दोन वर्षांचा बालशिक्षणाचा पदविका अभ्यासक्रम करून त्या बाजूने जाणे लवकर जमू शकते.

अमेरिकेत तर आधी काम करण्याची परवानगीच मोठी गोष्ट. एच-१ वर गेलेल्या नवऱ्याच्या बायकोला एच-४ व्हिसा मिळतो, त्यावर काम करता येत नाही. २०१५ पासून एवढी सवलत झाली की नवऱ्याच्या ग्रीन कार्डच्या प्रक्रियेतील एक टप्पा मंजूर झालेला असेल तर बायकोला परवाना मागता येतो. तो मिळाला तर न्यू जर्सीसारख्या राज्यात कॉलेजचे ६० क्रेडिट असणाऱ्यास बदली शिक्षकाचे काम मिळू शकते. परवाना नसताना कोणी "रोख देतो, या" म्हणाले तर जाऊ नये. त्यात नवऱ्याचाही व्हिसा धोक्यात येतो. तिकडे बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या छत्राखाली शनिवार-रविवारी मराठी शाळा भरतात. त्या बहुतेक सेवाभावी असतात, पगार नसतो, पण ओळखी होतात आणि हात चालू राहतो. मराठी शिकवण्याची खरी सरकारी नोकरी परदेशात पाहायची तर मॉरिशसला. तेथे प्राथमिक शाळांत मराठी हा विषय आहे आणि मोक्याच्या महात्मा गांधी संस्थेत शिक्षक तयार होतात. पण ते तेथलेच, एकोणिसाव्या शतकात ऊसमळ्यांवर मजुरीला गेलेल्या मराठी माणसांचे वंशज. आपल्या पोरीसाठी ती जागा नाही. मजुरांच्या नातवंडांनी तेथे भाषा टिकवली, हे मात्र मनाला सुखावते.

आता आखाताविषयी, कारण फसवणूक तेथेच फार. दुबई, कतार, कुवेत येथे सीबीएसईच्या बऱ्याच शाळा आहेत आणि त्यांना भारतीय शिक्षिका लागतात. बहुधा बी.एड.वाली मागतात. अकोल्याच्या एका कुटुंबाने एका दलालाला दीड लाख रुपये दिले, मुलीचा पासपोर्टही देऊन टाकला. शाळेचे पत्र आले ते बनावट निघाले. पासपोर्ट परत मिळवायला पोलिस ठाण्याच्या चार चकरा झाल्या, पैसे गेले ते गेलेच. वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणारा एजंट नोंदणीकृतच असावा लागतो, त्याची यादी परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नावानिशी असते, आणि त्याला सेवाशुल्क तीस हजार रुपये आणि वर जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाही. पावती न देणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये. व्हिजिट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर करून देऊ, असे म्हणणाऱ्याला तर दारातही उभे करू नये.

शेवटी कागदांचे. आमची सारी हयात कारकुनीत गेली, म्हणून हे जरा रागावूनच सांगतो. आपल्या मुलींची निम्मी कामे नावापायी अडतात. दहावीच्या मार्कशीटवर माहेरचे आडनाव आधी, डी.एड.च्या प्रमाणपत्रावर वडिलांचे नाव वेगळ्या स्पेलिंगने, पासपोर्टवर नवऱ्याचे नाव. तिकडचा अधिकारी म्हणतो, या तीन बाया कोण? बौद्ध पद्धतीने लग्न झाले म्हणजे झाले असे समजून पुष्कळ जण नोंदणी करीत नाहीत. विहारातील विवाहाची नोंद ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत करून सरकारी प्रमाणपत्र घ्यावे, त्यावाचून ही तीन नावे एका माणसाची ठरत नाहीत. डी.एड.चे कागद पुण्याच्या राज्य परीक्षा परिषदेचे, पदवीचे संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाचे. दोन्हींकडून पडताळणी आणि सीलबंद ट्रान्सक्रिप्ट जाण्यापूर्वीच काढून घ्यावी. नंतर लंडनहून पोरगी फोन करते आणि म्हातारा बाप मोर्शीहून विद्यापीठाच्या खिडकीवर खेटे घालतो, हे आम्ही पाहिले आहे. बऱ्याच देशांसाठी प्रमाणपत्रांवर राज्य शासनाची सही आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपॉस्टिल शिक्का लागतो. संयुक्त अरब अमिरातीला अपॉस्टिल चालत नाही, दूतावासाकडून साक्षांकन करावे लागते. मुलांमध्ये काम करायचे म्हणून पोलिस पडताळणीचा दाखला सगळीकडेच मागतात, तो पासपोर्ट खात्याकडून मिळतो. जेथे शिकवले त्या शाळेचे अनुभवपत्र घेताना त्यात इयत्ता, विषय, तारखा आणि आठवड्याचे तास लिहून घ्यावेत. "वर्तन चांगले होते" एवढ्याच ओळीचे पत्र तिकडे कोणी वाचत नाही.

ज्या भगिनी जिल्हा परिषदेत कायम आहेत, त्यांनी नवऱ्यामागे जाण्याच्या घाईत शाळा तशीच सोडून जाऊ नये. रजेचा अर्ज द्यावा, मंजुरी लेखी घ्यावी, मगच तिकीट काढावे. ज्या अजून अविवाहित आहेत, पदवीला चांगले गुण आहेत आणि शिक्षणशास्त्रातच पुढे शिकायचे आहे, त्यांच्यासाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी वर्षाला ७५ जागा, पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी. अर्ज समाजकल्याण आयुक्तालय, पुणे येथे जातो. अमरावती आणि अकोल्याच्या सहायक आयुक्त कार्यालयांत चौकशी करता येते. जाहिरात आल्यावर धावपळ करण्यापेक्षा उत्पन्नाचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र आधीच काढून ठेवलेले बरे.