कूलर लावण्याआधी पाच मिनिटे मीटर लावा

सोलापुरात पारा चाळिशीपार गेला की माळ्यावरचा पत्र्याचा कूलर खाली येतो. गवत बदलले जाते, टाकी भरली जाते आणि बटण दाबले जाते. वर्षभरात वायर उंदराने कुरतडली का, पंपाचे आवरण फुटले का, हे बहुधा कोणी पाहत नाही. मग ओला हात पत्र्याला लागतो.

कोरडी त्वचा विजेला लाखभर ओहमपर्यंत विरोध करू शकते. ओली झाली की शरीराचा हा विरोध हजार ओहमच्या आसपास येतो. घरात २३० व्होल्ट दाब असतो. म्हणजे ओल्या हाताने, अनवाणी उभे राहून स्पर्श झाल्यास सुमारे २३० मिलिअँपिअर प्रवाह शरीरातून जाऊ शकतो. १ मिलिअँपिअरला मुंग्या येतात. १० च्या पुढे स्नायू आखडतात, हात सुटत नाही. ३० च्या पुढे प्रवाह टिकून राहिला तर श्वास आणि हृदयाची लय, दोन्ही धोक्यात येतात. साधा एमसीबी कित्येक अँपिअरला पडतो. एवढासा प्रवाह त्याच्या खिजगणतीतही नसतो.

इथे दोन-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर कामी येतो.

प्लग भिंतीतून काढून मीटर ओहमच्या सर्वांत लहान पट्ट्यावर ठेवावा. आधी दोन्ही टोके एकमेकांना लावावीत. येणारा आकडा मीटरच्या वायरींचाच असतो. मग एक टोक प्लगच्या जाड पिनेला आणि दुसरे कूलरच्या रंग नसलेल्या पत्र्याला लावावे. जवळपास तोच आकडा आला तर अर्थिंगची वायर शाबूत आहे. पडद्यावर डावीकडे नुसता ‘१’ आला तर ती तुटलेली आहे. प्लग दोन पिनांचा असेल, तर अर्थिंग मुळातच नाही.

त्यानंतर सर्वांत मोठ्या पट्ट्यावर, प्रत्येक बारीक पीन आणि पत्रा यांत मोजावे. कूलरचे बटण चालू स्थितीत असावे, प्लग मात्र बाहेरच. इथे ‘१’ यायला हवा. आकडा दिसला तर आतून वीज झिरपते आहे. कूलर दुरुस्तीला न्यावा.

स्वस्त मीटरची मर्यादाही ओळखावी. तो ९ व्होल्टच्या बॅटरीने तपासतो. तेवढ्या दाबाला टिकलेले आवरण २३० व्होल्टला टिकेलच असे नाही. त्यासाठी इलेक्ट्रिशियनकडे ५०० व्होल्टचा मेगर असतो. तापमापकात ताप दिसला नाही म्हणून आजार नाही असे ठरत नाही, तसेच हे आहे.

भिंतीतल्या चालू सॉकेटमध्ये मात्र हा मीटर घरच्यांनी घालू नये. लाल वायर चुकून १० अँपिअरच्या छिद्रात राहिली असेल, तर थेट शॉर्टसर्किट होऊन ठिणगी उडते आणि हात भाजतो. शिवाय मीटर जवळजवळ प्रवाह घेतच नाही, त्यामुळे गंजलेल्या, कमजोर अर्थिंगवरही तो २३० दाखवू शकतो. सॉकेटची आणि अर्थिंगची तपासणी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावी. त्याच वेळी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा आणि त्याचे ‘टेस्ट’ बटण अधूनमधून दाबून पाहावे.

शॉक बसल्यास

चिकटलेल्या माणसाला हात लावू नका. आधी मुख्य स्विच बंद करा. ते शक्य नसेल तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडाने त्याला दूर करा. शुद्ध नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब देत राहा. दुसऱ्या कोणाला तरी १०८ ला फोन करायला सांगा.

माणूस उठून बसला तरी बेशुद्धी, छातीत धडधड, वेदना किंवा भाजल्याची खूण असेल, तर रुग्णालयात नेऊन ईसीजी काढावा. गरोदर स्त्रीला बसलेला किरकोळ शॉकही डॉक्टरांना दाखवावा. त्वचेवरचा डाग छोटा असला तरी आतली इजा मोठी असू शकते.

आणि टाकीत पाणी भरताना, रोज, न चुकता, आधी प्लग काढावा.