डोहाळजेवणाचं ताट आणि साखरेची वही

मंडळी, मी डॉक्टर नाही. दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसून प्रोग्रॅम लिहिणारी इंजिनिअर आहे. तेव्हा हे अनुभवाचे बोल वाचा, पण अमलात आणण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना जरूर विचारा.

गेल्या हिवाळ्यात मला सव्विसावा आठवडा लागला होता. इथे अमेरिकेत साधारण २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान गरोदर बाईची साखर तपासतात. ५० ग्रॅम ग्लुकोजचं गोडमिट्ट पाणी प्यायचं आणि तासाभराने रक्त द्यायचं. माझा आकडा आला १५८. मग तीन तासांची मोठी तपासणी झाली. तिच्यातही दोन आकडे मर्यादेबाहेर गेले. निदान झालं, गरोदरपणातला मधुमेह!

वय ३३, अंगाने बारीक, गोडाची फारशी आवड नाही. माझंच काहीतरी चुकलं असणार, या विचाराने मी रात्रभर रडले. आहारतज्ज्ञ बाईंनी समजावलं, की वारेतून येणाऱ्या हार्मोन्समुळे आईच्या शरीरात इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो. तेवढं जास्तीचं इन्सुलिन तयार झालं नाही, तर रक्तातली साखर वाढते. ही साखर वारेतून बाळाकडे जाते, आईचं इन्सुलिन मात्र जात नाही. मग बाळ स्वतःचं इन्सुलिन वाढवतं, गरजेपेक्षा मोठं होतं आणि जन्मल्यावर त्याची साखर एकदम उतरू शकते. आपल्या दक्षिण आशियाई बायकांना हा धोका जास्त असतो, अंगकाठी बारीक असली तरीसुद्धा.

घाबरून मी पोळी-भात बंद केला आणि आठवडाभर सॅलडवर राहिले. बाईंनी चांगलंच फटकारलं. उपाशी राहणं बाळाला अपायकारक! दिवसाला निदान १७५ ग्रॅम कर्बोदकं पोटात जायलाच हवीत, फक्त ती तीन जेवणं आणि दोन-तीन मधल्या खाण्यांत वाटून घ्यायची. एका लहान फुलक्यात सुमारे १५ ग्रॅम, मापाच्या एक तृतीयांश कप भातातही तेवढीच. हा हिशेब मला पटला. मी वही घातली. सकाळी उपाशीपोटी आणि प्रत्येक जेवणानंतर तासाभराने बोट टोचायचं, आकडा लिहायचा. माझ्यासाठी मर्यादा होती उपाशीपोटी ९५च्या आत आणि तासाने १४०च्या आत.

तेवढ्यात आई सांगलीहून आली, डिंकाचे लाडू घेऊन. "दोन जिवांची आहेस, पोटभर खा," हा तिचा धोशा. सकाळी तिने प्रेमाने पोहे केले. तासाने आकडा १६८! आई हिरमुसली. तेच पोहे, तेवढेच, मी चार वाजता वाटीभर मटकीच्या उसळीबरोबर खाल्ले आणि पंधरा मिनिटं चालले. आकडा १२६. सकाळी हार्मोन्सचा जोर जास्त असतो, म्हणून न्याहारीचंच गणित अवघड. मग सकाळी मुगाचं धिरडं आणि दही, पोहे दुपारी. दुपारच्या जेवणात दोन फुलके, उसळ, पालेभाजी, कोशिंबीर आणि ताक. आपल्या ताटात सगळं होतं, फक्त भाताचा डोंगर टेकडी झाला.

बाहेर बर्फ, म्हणून जेवणानंतर आमच्या इमारतीच्या लांब व्हरांड्यात फेऱ्या. पहिल्या दिवशी आई म्हणाली, "जेवल्यावर जरा आडवी हो." तिसऱ्या दिवसापासून तीच स्वेटर घालून दारात उभी! चालताना आम्ही माहेरच्या इतक्या गप्पा मारल्या, तेवढ्या पंधरा वर्षांत मारल्या नव्हत्या.

डोहाळजेवणाला मैत्रिणींनी हॉल सजवला होता. ताटात श्रीखंड होतंच. दोन चमचे घेतलं, पुरी एकच. ओटी भरून झाल्यावर सगळ्याजणी माझ्याबरोबर हॉलला फेऱ्या मारायला निघाल्या, नऊवारीतल्यासुद्धा. तासाने आकडा १३४. आईने तो सगळ्यांना वाचून दाखवला!

मला आहार आणि चालणं पुरलं. सगळ्यांनाच पुरत नाही. माझ्या एका मैत्रिणीची उपाशीपोटीची साखर काही केल्या उतरेना, तिला इन्सुलिन घ्यावं लागलं. त्यात तिचा काही दोष नव्हता. दोघींची बाळं सुखरूप आहेत.

वही मात्र अजून मिटलेली नाही. बाळंतपणानंतर ४ ते १२ आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी करायची असते. बाळाच्या गडबडीत हीच नेमकी राहून जाते. माझी ठीक आली, तरी पुढे दर एक ते तीन वर्षांनी तपासायचं आहे, कारण ज्यांना हा मधुमेह होतो, त्यांच्यापैकी निम्म्याजणींना पुढे कायमचा मधुमेह होऊ शकतो. तेव्हा मैत्रिणींनो, बाळाच्या लसींच्या तारखांशेजारी आपलीही तारीख लिहून ठेवा. आणि आई-सासूबाई येणार असतील तर त्यांना आधीच सांगा: लाडू थोडे आणा, चालायचे बूट मात्र नक्की आणा!