स्थूलताजन्य मेदयुक्त यकृतविकार : संकेतवाहक प्रथिनांची भूमिका

प्रस्तावना

मद्यपान न करणाऱ्या व्यक्तींच्या यकृतातही मेद साचून दाह उद्भवू शकतो, याकडे १९८० मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या युर्गेन लुडविग व सहकाऱ्यांनी लक्ष वेधले. भारत सरकारने २०२१ मध्ये या विकाराचा समावेश असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला. 'तेलतूप खाल्ले की यकृतावर चरबी चढते' असा सर्वसाधारण समज आहे. तथापि २००५ मध्ये अमेरिकेत नऊ स्थूल रुग्णांवर झालेल्या अभ्यासात यकृतातील मेदापैकी सुमारे ५९ टक्के भाग शरीराच्या मेदऊतींतून वाहत आलेला, २६ टक्के यकृताने स्वतः घडवलेला आणि केवळ १५ टक्के आहारातील मेदातून आलेला आढळला. मेदऊती आपला साठा यकृताकडे का सोडतात, याचे उत्तर संकेतवाहक प्रथिनांत आहे.

मेदऊती व यकृत यांमधील संकेत

मेदऊती हे निव्वळ कोठार नसून संप्रेरके स्रवणारे इंद्रिय आहे, ही दृष्टी १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांनी लेप्टिनचा शोध लावल्यानंतर दृढ झाली. या संकेतव्यवस्थेत पुढील प्रथिने महत्त्वाची ठरतात.

इन्सुलिन : हे मेदपेशींना साठा राखून ठेवण्याचा संकेत देते. इन्सुलिन-रोध निर्माण झाला की हा संकेत क्षीण होतो व मेदाम्ले रक्तावाटे यकृतात येतात. यकृतात तर दुहेरी हानी होते. शर्करानिर्मिती थांबवण्याचा आदेश यकृत जुमानत नाही. मेद घडवण्याचा आदेश मात्र पाळत राहते.

ॲडिपोनेक्टिन : हे यकृतातील मेदाच्या ज्वलनास चालना देते. मेद वाढतो तसे याचे रक्तातील प्रमाण घटते. म्हणजे गरज असते तेव्हाच संरक्षण दुबळे होते.

लेप्टिन : मेदाच्या प्रमाणात हे वाढते, परंतु मेंदू त्यास प्रतिसाद देईनासा होतो. त्यामुळे भूक आवरत नाही.

दाहकारक प्रथिने : टीएनएफ-अल्फा इन्सुलिनच्या संकेतमार्गात अडथळा आणते. दाह दीर्घकाळ टिकल्यास टीजीएफ-बीटा यकृतातील तारकापेशींना उद्दीपित करते. त्या कोलॅजेनचे तंतू निर्माण करतात आणि काही रुग्णांत विकार सिरोसिसपर्यंत पोहोचतो.

पुण्यातील संशोधन

हे संकेत केवळ लठ्ठ व्यक्तीतच बिघडतात काय? पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे संशोधन या संदर्भात मोलाचे आहे. १९९३ पासून पुण्यानजीकच्या सहा गावांत केलेल्या अभ्यासात नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो आढळले. पुण्याच्या बालकांचे स्नायू कृश होते. त्वचेखालील मेद मात्र त्या मानाने टिकून होता. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत, वजन कमी असूनही भारतीय बालकांच्या नाळेतील रक्तात लेप्टिन लंडनच्या गौरवर्णीय बालकांच्या तोडीचे व इन्सुलिन अधिक आढळले. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिक व त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स २२.३ होता, शरीरातील मेद मात्र अनुक्रमे २१.२ व ९.१ टक्के होता.

निष्कर्ष

यकृताचे आरोग्य एकूण वजनापेक्षा मेद कोठे साचतो व कोणते संकेत देतो, यावर अधिक अवलंबून आहे. म्हणूनच सडपातळ दिसणारी भारतीय व्यक्तीही निर्धास्त राहू शकत नाही. वसई-विरारसारख्या भागात दिवसाचे कित्येक तास लोकलप्रवासात व बैठ्या कामात जातात. अशा ठिकाणी महाविद्यालयीन आरोग्य तपासणीत उंची-वजनासोबत कमरेचा घेरही मोजणे अगत्याचे आहे. भारतीयांसाठी पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानली जाते. स्थूल व्यक्तीने वजन ५ टक्क्यांनी घटवल्यास यकृतातील मेद कमी होतो. ७ ते १० टक्क्यांनी घटवल्यास दाहही ओसरू शकतो. बिघडलेले संकेत पूर्ववत होऊ शकतात, फक्त तंतुमयता बळावण्यापूर्वी त्यांची दखल घेतली पाहिजे.